संपलं की संपले?

मेसमध्ये आपण ओरडतो, 'पाणी संपलं!' फळ्यावर मात्र लिहिलेलं असतं, 'पाणी संपले आहे.' पुण्यात हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय, मला लिहिताना दर वेळी थांबावं लागतं. मग प्रश्न पडला, तोंडाला आणि हाताला शब्द एकाच ठिकाणाहून मिळतात का?

बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम मुख्यतः डाव्या बाजूला चालतं. १८६१ साली पॅरिसमध्ये डॉ. पॉल ब्रोका यांच्याकडे एक पेशंट आला. त्याला दुसऱ्याचं बोलणं कळायचं, पण तोंडातून 'तां' एवढंच निघायचं. तो गेल्यावर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा सापडली.

मग लिहिणं म्हणजे बोलण्याचीच कॉपी का? तसं नाही. २०१५ साली अमेरिकेत ब्रेंडा रॅप आणि सहकाऱ्यांनी पक्षाघातानंतर भाषा बिघडलेल्या ५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चौघे वाक्य नीट बोलायचे, पण लिहिताना शब्दांची रूपं चुकायची. पाचव्याचं बरोबर उलटं! म्हणजे अर्थ एकच, पण स्पीकरची वायर वेगळी आणि प्रिंटरची वेगळी.

म्हणूनच, रूममध्ये कुणाची जीभ अचानक अडखळली, तोंड वाकडं झालं, तर लगेच १०८ ला फोन करा. पक्षाघातात एकेक मिनिट मोलाचं असतं. आणि घरात आजोबांची वाचा गेली असेल, तर त्यांच्या हातात कागद-पेन देऊन बघा. पुष्कळदा दोन्ही वायरी बिघडतात, पण एखादी शाबूत असेलही!