कर्करोगानंतरची सूज आणि रोजची निगा

बहिणीला कर्करोगाने गमावल्यावर डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी विमेन्स इंडियन असोसिएशनच्या पाठबळावर चेन्नईच्या अड्यार भागात १९५४ साली कॅन्सर इन्स्टिट्यूट सुरू केली, तेव्हा तेथे अवघ्या १२ खाटा होत्या. ऐपत नसलेल्या रुग्णालाही योग्य उपचार मिळाले पाहिजेत, ही या संस्थेची भूमिका तेथे काम करणाऱ्या डॉ. व्ही. शांता यांनी १९५५ पासून २०२१ मधील निधनापर्यंत निष्ठेने जपली. उपचार सुधारत गेले, रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले आणि त्याबरोबरच उपचारांमागून येणाऱ्या व्याधींचा प्रश्नही पुढे आला. हाता-पायाला कायमची सूज आणणारा लिम्फिडिमा ही त्यांतील एक व्याधी असून, तिच्याकडे कर्करोगोपचाराचाच भाग म्हणून पाहिल्याशिवाय उपचार पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही.

या व्याधीचे मूळ शरीरातील लसीकासंस्थेत आहे. रक्तवाहिन्यांतून पेशींच्या अवतीभवती झिरपणारा द्रव पुन्हा रक्तात पोहोचवण्याचे काम सूक्ष्म लसीकावाहिन्या करतात आणि या द्रवालाच लसीका म्हणतात. वाटेत काख, जांघ आणि मान येथे असलेल्या लसीकाग्रंथी तो गाळतात व जंतूंना अडवतात. कर्करोगाच्या पेशीही प्रथम याच ग्रंथींत पसरण्याचा संभव असल्याने स्तनाच्या कर्करोगात काखेतील ग्रंथी काढल्या जातात किंवा तेथे किरणोपचार दिले जातात. जीव वाचवणाऱ्या या उपायांमुळे लसीकेची वाट मात्र अरुंद होते, प्रथिनयुक्त द्रव त्वचेखाली साचतो आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्यास तेथे चरबी व तंतुमय ऊती वाढून मऊ सूज हळूहळू कडक होत जाते.

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८१-८२ मध्ये सुरू झाला तेव्हा मुंबई व बंगळूरबरोबर चेन्नईचाही त्यात समावेश होता. तेथील नोंदींनुसार एके काळी या शहरातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक आढळे. पुढे ती जागा स्तनाच्या कर्करोगाने घेतली. पहिल्याच्या उपचारांनंतर पाय सुजू शकतो, तर दुसऱ्यानंतर हात. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा एकत्रित विचार केला असता, काखेतील बहुतेक ग्रंथी काढलेल्या सुमारे दर पाच स्त्रियांपैकी एकीला हा त्रास होतो, तर सर्वप्रथम लसीका पोहोचते अशा एक-दोन ग्रंथीच तपासून शस्त्रक्रिया मर्यादित ठेवल्यास हे प्रमाण सुमारे सहा टक्क्यांपर्यंत खाली येते. म्हणूनच आजाराचे निदान लवकर होण्याचा लाभ केवळ आयुष्य वाढण्यापुरता नसतो; मर्यादित शस्त्रक्रिया पुरल्याने हातही वाचतो.

सूज बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसू लागते, परंतु ती पुष्कळ वर्षांनीही येऊ शकते. बांगडी किंवा अंगठी घट्ट होणे, पोलक्याची एकच बाही दंडाला काचणे, हात जड वाटणे आणि बोटाने दाबल्यावर खळगा राहणे, या खुणा प्रारंभीच्या होत. या टप्प्यावर हात उंच ठेवल्याने सूज उतरते, पुढच्या टप्प्यात तेवढ्याने भागत नाही. त्यामुळे दोन्ही हातांचा घेर ठरावीक ठिकाणी टेपने मोजून नोंदवून ठेवणे हा सोपा, पण मोलाचा उपाय ठरतो. सूज एकाएकी वाढली किंवा तीव्र दुखू लागली, तर रक्ताची गाठ अथवा आजाराचा पुनरुद्भव नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घेतले पाहिजे.

तमिळनाडूच्या काही भागांत हत्तीरोग पूर्वापार आढळत असल्याने सुजलेला पाय म्हणजे हत्तीरोगच, असा समज सहज होतो. परंतु कर्करोगोपचारांनंतरची सूज डासांतून येणाऱ्या जंतांमुळे नसते आणि त्यांवरील गोळ्यांनी ती उतरत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचाही तिच्यावर खरा उपयोग नसतो, आणि गरम तेलाने जोराने चोळल्यास नाजूक वाहिन्यांना इजा होण्याचीच भीती असते.

मान्य उपचारपद्धतीचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट त्वचेवर अगदी हलक्या हाताने, ठरावीक दिशेने मालिश करतो. मग सुती नळीसारखे कापड चढवून, बोटे एकेक करून गुंडाळून आणि फोम किंवा कापसाचे अस्तर घालून कमी ताणाच्या पट्ट्या मनगटाकडून खांद्याकडे अशा बांधतो की दाब खाली अधिक व वर कमी राहील. सूज पुरेशी उतरली की दुसरा टप्पा सुरू होतो, ज्यात मापानुसार घेतलेली दाबाची बाही दिवसभर वापरायची असते. चेन्नईच्या दमट उकाड्यात ती नकोशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दोन बाह्या आलटून-पालटून धुऊन वापरणे, हात नीट कोरडा करूनच ती चढवणे आणि बोटांच्या बेचक्यांतील बुरशीवर वेळीच औषध लावणे, यांमुळे ती सोसवते.

त्वचेची निगा हा या साऱ्याचा पाया आहे, कारण अशा हातात जंतुसंसर्ग वेगाने पसरतो आणि प्रत्येक संसर्गागणिक सूज वाढत जाते. विळीवर नारळ खवताना किंवा भाजी चिरताना झालेली जखम, चुलीचा चटका, डासाचा चावा, यांपैकी काहीही किरकोळ मानू नये. जखम धुऊन जंतुनाशक लावावे आणि त्वचा लाल व ऊन होऊन थंडी-ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

हात वापरूच नये, हा जुना सल्ला आता टिकलेला नाही. २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत देखरेखीखाली हळूहळू वजन उचलणाऱ्या स्त्रियांची सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. स्नायूंच्या आकुंचनाने लसीका पुढे ढकलली जाते, म्हणून बेताचा व्यायाम, दीर्घ श्वसन आणि आटोक्यातील वजन यांचा खरा उपयोग होतो. निवडक रुग्णांमध्ये लसीकावाहिन्या शिरांना जोडण्याची सूक्ष्म शस्त्रक्रियाही केली जाते, तरी त्यानंतरही रोजची निगा पुष्कळदा सुटत नाही.

ही व्याधी बहुधा समूळ जात नाही. पण ती आटोक्यात राहते, वेदना कमी होते, घरकाम व नोकरी चालू राहते. घरच्या माणसांनी पट्ट्या बांधायला शिकावे, जड बादली उचलण्याचे काम आपल्याकडे घ्यावे आणि सुजेमुळे लाजून घरात बसणाऱ्या स्त्रीला धीर द्यावा. रुग्णालयांनीही शस्त्रक्रियेपूर्वीच दोन्ही हातांचे माप घेऊन ठेवावे, आणि रुग्णाला घरी पाठवताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर या निगेची माहिती तिच्या भाषेत, तोंडी आणि लेखी, द्यावी.