शोधयंत्राचं दर्शनी पान : तयार घ्यावं की घडवावं?

(लेखांक ६)

मागच्या लेखांकात आपण सोलर हे शोधयंत्र बसवलं, ग्रंथालयाच्या नोंदी त्यात भरल्या आणि इंडेक्स तयार केला. वाचकाच्या हाती मात्र अजून काहीच आलेलं नाही. सोलर उत्तर देतं ते जेसनमध्ये, म्हणजे कंस आणि अवतरणचिन्हांच्या जंगलात. वाचकाला हवी असते शोधाची चौकट, निकालांची यादी आणि बाजूला लेखक, विषय, प्रकाशनवर्ष अशा गाळण्या. हे सगळं ज्या पानावर दिसतं ते म्हणजे फ्रंट-एंड. आज त्याचीच निवड करायची आहे.

आधी एक इशारा. ब्राउझरला थेट सोलरशी बोलू देऊ नका. ज्याला सोलरचं दार उघडं मिळतं तो नुसता शोध घेऊन थांबेलच असं नाही. तो नोंदी बदलू शकतो, पुसूनही टाकू शकतो. पूर्वी सोलरसोबत व्हेलॉसिटी टेम्प्लेटवर चालणारं एक नमुन्याचं शोधपान येत असे. २०१९ मध्ये याच व्हेलॉसिटीच्या वाटेने सर्व्हरवर परका कोड चालवता येतो, असं उघड झालं. पुढे २०२२ च्या ९.० आवृत्तीत तो भाग सोलरमधून काढून टाकण्यात आला. म्हणून ८९८३ हा पोर्ट बाहेरच्या जगाला बंद ठेवायचा आणि वाचकाचा प्रश्न तपासून पुढे पाठवणारा एक थर मध्ये घालायचा. याला अपवाद नाही.

तयार फ्रंट-एंडमध्ये हा थर असतोच. ग्रंथालयांसाठी दोन नावं महत्त्वाची. अमेरिकेतल्या व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात तयार झालेलं व्ह्यूफाइंड पीएचपीत आहे, त्याची १.० आवृत्ती २०१० मध्ये आली. व्हर्जिनिया विद्यापीठात सुरू झालेलं ब्लॅकलाइट रुबी ऑन रेल्सवर चालतं, आणि स्टॅनफर्डचं सर्चवर्क्स हे त्याच्यावरच उभं आहे. दोन्ही मुक्त आहेत, दोन्ही सोलरवर चालतात. हस्तलिखितं, छायाचित्रं, ध्वनिफिती असा मिश्र संग्रह असेल आणि रेल्स जाणणारी माणसं हाताशी असतील तर ब्लॅकलाइट घ्यावं. कोहा ही ग्रंथालय-व्यवस्थापन प्रणाली वापरणाऱ्या ग्रंथालयाने मात्र व्ह्यूफाइंडच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते कोहाशी जोडता येतं, त्यामुळे पुस्तक शेल्फवर आहे की बाहेर गेलंय हे निकालातच दिसतं. पीएचपी जाणणारा माणूसही तालुक्याच्या गावी मिळतो.

स्वतःच घडवायचं ठरवलं, तर चौकट आणि यादी लवकर उभी राहते. वेळ खातात त्या न दिसणाऱ्या गोष्टी. गाळणी लावल्यावर ब्राउझरचं मागे जाण्याचं बटण नीट चाललं पाहिजे. शोधाचा दुवा दुसऱ्याला पाठवला तर त्यालाही तेच निकाल दिसले पाहिजेत. मराठीसाठी यात आणखी भर पडते. फोनेटिक कीबोर्डवर ‘पुस्तक’ टाइप होत असताना मधली अर्धवट अक्षरंही चौकटीत येत राहतात. प्रत्येक अक्षराला सूचना मागणारं पान त्या अर्धवट रूपांवरच सोलरला पिटाळत राहतं आणि वाचकासमोर असंबद्ध शब्दांची यादी नाचते. अक्षरजुळणी संपली की ब्राउझर ‘कंपोझिशन एंड’ ही घटना कळवतो. तिची वाट पाहूनच सूचना मागवाव्यात.

सगळ्यात मोलाचं पान म्हणजे एकही निकाल न सापडल्याचं. नोंदीत ‘पु. ल. देशपांडे’ आहे आणि वाचकाने मध्ये जागा न सोडता ‘पु.ल. देशपांडे’ असं लिहिलं, एवढंच समजा. सोलरचा स्टँडर्ड टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, दोन अक्षरांमधल्या टिंबावर शब्द तोडत नाही. त्यामुळे नोंदीत ‘पु’ आणि ‘ल’ हे दोन शब्द, तर प्रश्नात ‘पु.ल’ हा एकच शब्द. सगळे शब्द जुळलेच पाहिजेत अशी अट असेल, तर पुलंची कपाटभर पुस्तकं असूनही उत्तर येतं शून्य. इलाज सोलरच्याच बाजूला आहे: इंडेक्स करताना आणि शोधताना, दोन्हीकडे टिंबाच्या जागी मोकळी जागा टाकायची. पण हा दोष आपल्याला कळणार तो फ्रंट-एंडने असे फसलेले प्रश्न नोंदवून ठेवले तरच. ‘निकाल नाहीत’ एवढं सांगून गप्प बसणारं पान, मग ते कितीही देखणं असो, घेऊ नका. सैल अटीवर जवळचे निकाल तरी त्याने दाखवायला हवेत.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवा आणि वाचक पुस्तक कसं मागतात ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच चुकांसह लिहून घ्या. नाव कुणाचंही लिहू नका. मग आपल्या थोड्या नोंदी व्ह्यूफाइंडच्या चाचणीप्रतीत भरा आणि वहीतले प्रश्न एकेक करून विचारा. वही जपून ठेवा. पुढच्या लेखांकात व्ह्यूफाइंडची सर्चस्पेक्स ही फाइल उघडून शीर्षक, लेखक आणि विषय यांना किती वजन द्यायचं ते ठरवायचं आहे, आणि तेव्हा ती लागणार आहे.