कुंडीतला दीर्घायुषी

कुंडीतले हातभर झाड शंभर वर्षांचे आहे असे ऐकले, की आपण आधी कौतुक करतो आणि मग हळहळतो. आमच्या घरी हळहळच आधी झाली. ‘बिचाऱ्याला उपाशी ठेवून खुजे केले!’ असा सौभाग्यवतींचा निकाल. झाडाच्या माळ्याची वकिली माझ्याकडे आली, म्हणून पाइनच्या बोन्सायची जपानी रीत मी बारकाईने वाचून काढली.

उपाशी झाड खुजे होत नाही, मरते. बोन्सायला खत, पाणी, ऊन सारे वेळच्या वेळी लागते. ते लहान राहते कात्रीमुळे. आणि कात्री चालते ती ऋतू पाहून. एप्रिल व ऑक्टोबर अशा दोन छाटण्या करणाऱ्या आपल्या नाशिकच्या द्राक्षबागाइतदाराला हे सांगायला नको.

काळ्या पाइनला वसंतात मेणबत्त्यांसारखे उभे कोंब फुटतात. झाड सशक्त असेल तर जून-जुलैच्या सुमारास ते बुडापासून कापतात. मग तिथेच दुसरे कोंब येतात. वाढीला दिवस थोडे उरल्याने त्यांची पाने आखूड राहतात. यात न्यायही आहे. दुबळ्या फांदीचे कोंब आधी कापायचे, दांडगीचे आठ-दहा दिवसांनी; म्हणजे दुबळीला वाढायला अवधी अधिक! शरद सरताना जुनी पाने हाताने खुडतात, आतल्या फांद्यांना ऊन मिळावे म्हणून. हिवाळ्यात तार गुंडाळून वळण देतात. तीन ते पाच वर्षांनी, वसंताच्या तोंडाशी, मुळे छाटून माती बदलतात. मुळांवरची पांढरी बुरशी मात्र सगळी धुऊन टाकीत नाहीत, कारण ती मुळांची मदतनीस.

पांढऱ्या पाइनला हाच नियम लावाल तर घात होईल. तो वर्षातून एकदाच फुटतो. त्याचे कोंब वसंतात चिमटीने अर्धेमुर्धे खुडायचे, एवढेच.

अशाच एका पांढऱ्या पाइनची निगा १६२५ पासून चालत आली आहे. हिरोशिमाच्या यामाकी घराण्याने तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला, तेव्हा सुमारे तीन किलोमीटरांवर, बागेच्या भिंतीआड तो वाचला. १९७६ साली मासारू यामाकी यांनी तो भेट दिला, तोही अमेरिकेला! वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात तो आहे. त्याने बाँब सोसला होता, हे तिथल्या लोकांना कळले २००१ साली, यामाकींचे नातू तो पाहायला आले तेव्हा.

एवढ्याशा कुंडीतली माती उन्हाळ्यात एका दिवसात सुकते. चारशे वर्षांत एकाही पिढीने आठवडाभर पाणी चुकवले असते, तर भेट द्यायला झाड उरले नसते.