उन्हाळी भाज्यांचं सांगोवांगी शास्त्र

होळी जवळ आली की कुंडीतली कोथिंबीर हाताबाहेर जाते. पसरट पानं येणं थांबतं, त्यांच्या जागी बारीक, फाटल्यासारखी पानं दिसू लागतात, मधून दांडा वर येतो आणि आठ-दहा दिवसांत त्यावर पांढरी फुलं. लगेच निदानं सुरू होतात. खत कमी पडलं, धणे जुने होते, कुंडी लहान झाली. शेजारच्या काकू ताक घालायला सांगतात, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणीतरी एप्सम सॉल्ट सुचवतं. कोथिंबीर मात्र तिच्या हिशेबाने अगदी शहाण्यासारखी वागत असते. ती थंडीची भाजी. दिवस लांबला, पारा चढला की पानं वाढवत बसण्यापेक्षा बी धरून मोकळं व्हावं, हा तिचा स्वभाव. खताने तो बदलत नाही. हातात एवढंच असतं की दुपारच्या उन्हाला आडोसा द्यायचा, थोडी थोडी करून दर पंधरवड्याला पेरायची आणि दांडा निघण्याआधीच मुळासकट उपटून वापरायची. मेथी आणि पालक यांचीही गोष्ट साधारण हीच.

कोथिंबिरीवरून लोक एकदम दुसऱ्या टोकाला जातात आणि ठरवून टाकतात की उन्हाळ्यात घरी काही होत नाही, आता मृगाच्या पावसानंतरच बघू. महाराष्ट्रातला भाजी-शेतकरी हे ऐकून हसेल. त्याचा उन्हाळी हंगाम संक्रांतीनंतर सुरू होतो. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारलं, दुधी ही सगळी जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत टोकायची पिकं. पालेभाजीच हवी असेल तर माठ, तांदुळजा, अंबाडी लावावी. माठ-तांदुळज्याचं घराणं प्रकाशसंश्लेषणाच्या बाबतीत ऊस, मका, ज्वारी यांच्या पंगतीतलं आहे. कडक ऊन आणि उष्णता त्यांना सोसते, इतकंच नव्हे तर मानवते. बाल्कनीत मे महिन्यात मेथी जगवण्याची धडपड करणारी माणसं लाल माठाकडे का वळत नाहीत, हे मला कधी कळलेलं नाही.

एक गफलत तारखेची होते. पाडव्याचा मुहूर्त गाठून बी टोकलं की भेंडी उगवते झकास, पण ती फुलावर येते ऐन वैशाखात. 42 अंशांच्या पुढे भेंडीची फुलं गळू लागतात. अकोला-चंद्रपूरकडे हा आकडा नवलाचा नाही, रत्नागिरीत तो सहसा येत नाही. त्यामुळे एकाच व्हिडिओतला सल्ला दोन्हीकडे लागू पडेल, ही अपेक्षाच चुकीची.

टोमॅटोचं दुखणं याच जातीचं. फुलांचे घोस लागतात आणि देठापासून गळून जातात. मग बोरॉनची फवारणी होते, मधमाश्यांच्या नावाने हळहळ होते, कोणी विजेचा टूथब्रश घेऊन फुलं हलवत बसतं. टोमॅटोच्या एकाच फुलात पुंकेसर-स्त्रीकेसर दोन्ही असतात, परागकण झडायला वाऱ्याचा हेलकावाही पुरतो. पण दिवसाचं तापमान 35 च्या वर आणि रात्रीचं 21-22 च्या खाली उतरेनासं झालं की परागकणच निकामी होतात. मग हलवून काय उपयोग? आधीच धरलेली फळंही कडक उन्हाळ्यात लालभडक होत नाहीत, पिवळट-केशरी राहतात, कारण लाल रंग देणारं लायकोपिन तिशीच्या वरच्या तापमानात नीट तयार होत नाही. ते फळ कच्चं नसतं, रोगटही नसतं. फिकट पडल्यावर तोडून घरात सावलीत पिकवलं तर रंग जरा बरा धरतो.

वेलींबद्दलचे गैरसमज मात्र अधिक मजेदार आहेत.

काकडी-दोडक्याला पहिली फुलं येतात आणि सगळी झडतात. घरात सुतकी वातावरण. खरं तर या वेलींवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात आणि सुरुवातीला बहुधा नर फुलांचीच फौज येते. त्यांचं काम परागकण देऊन गळून जाणं, तेवढंच. मादी फूल ओळखायला भिंग लागत नाही. पाकळ्यांच्या खाली त्या-त्या भाजीची इवलीशी प्रतिकृती असते, काकडीला नखाएवढी काकडी, कारल्याला काटेरी कारलं. नर फुलाखाली नुसता देठ. उष्णता आणि मोठा दिवस यांनी नर फुलांचं प्रमाण आणखी वाढतं, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये ही तक्रार जास्त. त्यावर नत्राचं खत ओतलं की वेल गर्द होतो, पानं तळहाताहून मोठी होतात आणि मादी फुलं आणखी लांबतात.

मादी फूल आलं, पण बोटभर फळ पिवळं पडून गळलं, तर मात्र परागीभवन झालेलं नाही. सहाव्या मजल्यावर मधमाश्या फार फिरकत नाहीत, तेव्हा ते आपल्यालाच करावं लागतं. आणि इथे बहुतेकांची वेळ चुकते. ‘सकाळी हाताने परागीभवन करा’ हा सल्ला काकडी, कारलं, घोसाळं, तांबडा भोपळा यांना लागू आहे, यांची फुलं पहाटे-सकाळी उमलतात. दुधी आणि दोडका यांचा कारभार उलटा आहे, ती दिवेलागणीची फुलं. दुधीचं पांढरं फूल निशाचर पतंगांसाठी उघडतं. सकाळी दहा वाजता चहा पिऊन निवांतपणे दोडक्याच्या वेलाकडे जाणाऱ्याला कालची मिटलेली फुलं सापडतात. त्याऐवजी संध्याकाळी पाच-सहाला मांडवाखाली उभं राहावं. ताजं उमललेलं नर फूल देठासह तोडायचं, त्याच्या पाकळ्या सोलून मागे सारायच्या, मधल्या केसरांवर बोट टेकवून पिवळी पूड लागते का पाहायचं आणि तोच भाग मादी फुलाच्या मधल्या चिकट गाठीवर हलकेच फिरवायचा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचं काम होतं. जमलं असेल तर तीन-चार दिवसांत ते फळ बाळसं धरतं, नसेल तर देठाकडून पिवळं पडतं. दोडका आणि घोसाळं इतके जवळचे नातेवाईक असूनही एकाची वेळ संध्याकाळची आणि दुसऱ्याची पहाटेची, ही गंमत ज्याने दोन्ही वेल शेजारी लावलेत त्याने जरूर पाहावी.

पाण्याकडे वळू. दुपारी दोनला दुधीची, काकडीची पानं माना टाकतात आणि माणूस झारी घेऊन धावतो. मोठ्या पानांतून उडणारं पाणी मुळं ओढून घेतात त्यापेक्षा जास्त असलं की पानं लोंबतात. माती ओली असतानाही हे होतं. ऊन कललं की ती आपोआप ताठ होतात. म्हणून आधी बोटाची दोन पेरं मातीत खुपसावीत. ओल लागली तर संध्याकाळपर्यंत काही करायचं नाही. सकाळी सातलाही वेल लोंबलेला असेल तर खरी काळजी. एक तर माती कोरडी आहे किंवा रोजच्या लाडाने मुळं कुजली आहेत. दुसरं कारण घरगुती बागेत पुष्कळदा आढळतं.

‘भर उन्हात पाणी घातलं तर थेंबांचं भिंग होऊन पानं जळतात’ हे तर जगभर सांगितलं जातं. हंगेरीतल्या गाबोर होरवाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये हे प्रयोगाने तपासलं. गुळगुळीत पानावरच्या थेंबांनी पान भाजत नाही, कारण थेंब पानाला चिकटून असतो आणि किरण एकत्र येण्याची जागा पानाच्या पलीकडे पडते. ज्या लवदार पानांवर थेंब वर उचलून धरला जातो, तिथे थोडी शक्यता दिसली. दुपारी पाणी न घालण्याची आपली कारणं साधी आहेत. पाणी बरंच वाया जातं आणि गच्चीवर उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं. ते आधी बादलीत सोडावं. पान खरोखर जळतं ते भर दुपारी फवारलेल्या कडुनिंबाच्या तेलाने. फवारणी सूर्यास्तानंतर करावी.

गच्चीवर पानांपेक्षा मुळं जास्त भाजतात. काळी प्लास्टिकची कुंडी तापलेल्या लादीवर ठेवली की आतली माती हवेपेक्षाही गरम होते. खाली दोन विटा, पश्चिमेच्या बाजूला पोत्याचा आडोसा, मातीवर वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्या, एवढ्याने बराच फरक पडतो. हिरवी जाळी टांगताना मात्र हात आखडता घ्यावा. दाट जाळीखाली भेंडी आणि गवार उंच होतात, पण फुलत नाहीत. फळभाज्यांना सहा तास ऊन लागतंच.

आता स्वयंपाकघरातली औषधं. केळ्याची साल पाण्यात भिजवून ते पाणी घालणं निरुपद्रवी आहे, पण त्यातून पालाश फारसं मिळत नाही, साल कंपोस्टात टाकलेली बरी. अंड्याचं टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते मातीत विरघळायला फार वेळ घेतं. टोमॅटोचा बुडखा काळा पडतो तो कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याने, आणि ते पोचत नाही कारण आपण एक दिवस कोरडं आणि एक दिवस पूर असं पाणी घालतो. पाणी नियमित केलं की टरफलांची गरज राहत नाही. चहाचा चोथा साखर-दुधासकट घातला की मुंग्या आणि बुरशी. ताजं शेण तर मुळीच नको. त्याने मुळं भाजतात आणि हुमणी येते. कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर दिल्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या ढोबळ थरात सहजी उतरत नाही, ते वरच साचून राहतं. मुळांची जागा तेवढी कमी होते. छिद्रावर एक खापरी पुरे.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याधमक होऊन जाळी दिसू लागली, की दुकानदार लोहाचं खत देतो. ते लोहाच्या कमतरतेमुळे झालेलं असण्याची शक्यता कमी. लोह कमी पडलं तर पान पिवळं आणि शिरा हिरव्या राहतात. इथे शिराच पिवळ्या आहेत, म्हणजे विषाणू. तो पांढरी माशी पसरवते, आणि उष्ण-कोरड्या हवेत तिचं फावतं. झाड उपटून टाकणं हाच मार्ग. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ हा वाण जंगली नातेवाइकाशी संकर करून काढला तो याच रोगाला तोंड देण्यासाठी. नंतर तो स्थिर केलेला असल्याने त्याचं बी घरी धरता येतं.

बियांचा विषय निघालाच आहे तर हायब्रीडबद्दल. ‘पाकिटातलं बी म्हणजे जीएम’, ‘त्याचं बी वांझ असतं’, ‘गुलाबी बी म्हणजे विषारी भाजी’ ही तिन्ही विधानं चुकीची. जनुकीय बदल केलेलं एकही भाजीचं बी आपल्याकडे कायदेशीर विक्रीला नाही. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, बीटी वांग्याला 2010 मध्ये स्थगिती दिली गेली. एफ-1 संकरित बी पुन्हा पेरलं तर उगवतं, फक्त पुढची पिढी आईबापांसारखी एकजिनसी येत नाही. आणि रंग हा बुरशीनाशकाच्या थराचा असतो, पेरून हात धुतले की झालं.

गच्चीबद्दल एक गोष्ट गांभीर्याने. ‘आरसीसी आहे, काय होतंय’ म्हणून विटांचे वाफे बांधून फूटभर माती टाकणारे लोक आहेत. फूटभर ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला सुमारे 500 किलो भरतं. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक 875 मध्ये धरलेला भार 150 किलोच्या आसपास आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी जी बाग उभी केली, तिचा आधार स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि पालापाचोळा होता. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवारातल्या विचारांशी नातं सांगणारी ही पद्धत. कुजलेला पाला आणि कंपोस्ट यांचं मिश्रण मातीपेक्षा कितीतरी हलकं असतं आणि भाज्यांना ते जास्त आवडतं.

शेवटचा गैरसमज थोडा धोक्याचा आहे. ‘कारल्याशेजारी काकडी लावली की काकडी कडू होते.’ कारलं आणि काकडी एकाच कुळातली असली तरी त्यांचं नातं लांबचं, त्यांचा संकर होत नाही. झाला असता तरी परिणाम पुढच्या पिढीत, म्हणजे त्या बियांपासून आलेल्या वेलीवर दिसला असता. यंदाच्या फळाच्या गरावर नाही. काकडी कडू होते ती कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे. उष्णता आणि पाण्याचा ताण यांनी ती वाढतात आणि देठाकडे जास्त साठतात. टोक कापून फेस येईपर्यंत घासण्याने काही होत नाही, होतं ते कापल्याने.

काकडीच्या बाबतीत एवढं चालतं, दुधीच्या बाबतीत चालत नाही. कडू रानटी जातीशी संकर झालेलं बी घरी पेरलं गेलं, तर दिसायला अगदी चांगला दुधी विषारी निघू शकतो. कडू दुधीचा रस प्यायल्याने उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं असे प्रकार झाले आहेत, मृत्यूही झाले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने यावर समिती नेमली होती. या विषावर उतारा नाही आणि शिजवल्यानेही ते जात नाही. कारल्याचा कडूपणा ही त्याची जात आहे, दुधी, दोडका, घोसाळं यांचा कडूपणा ही सूचना. चिरताना कच्चा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून चूळ भरावी आणि फळ टाकून द्यावं. मीठ लावून पिळू नये, गूळ घालून झाकू नये, आणि त्या वेलीचं बी तर अजिबात ठेवू नये.