मोटारसायकलीच्या ऊबदार मुठी

रामटेकची कार्तिकी पौर्णिमेची जत्रा उठली, कीं थंडी आपलें ठाण मांडूं लागते. आणि पौष येतां येतां पहाटेचा वारा अंगास झोंबूं लागतो. रामटेकहून मनसरमार्गें नागपूर सुमारें पन्नास किलोमीटर पडतें. या रस्त्यानें अंधारांतच मोटारसायकलीवर निघणारे नोकरदार, विद्यार्थी व दूधवाले यांस थंडी म्हणजे काय, हें कोणी सांगावयास नको. कडक उन्हाळ्यासाठीं प्रसिद्ध असलेल्या या मुलखांत थंडी ती कितीशी, असें परप्रांतीयास वाटेल; परंतु २९ डिसेंबर २०१८ रोजीं नागपुरांत पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता.

घरांत बसलेल्या माणसाची थंडी निराळी आणि धांवत्या गाडीवरील माणसाची निराळी. आपल्या शरीराभोवतीं त्याच्याच ऊबेनें तापलेल्या हवेचें पातळ पांघरूण असतें. वारा तें क्षणोक्षणीं ओढून नेतो. सिपल व पॅसेल या दोघां अमेरिकन संशोधकांनीं अंटार्क्टिकाच्या वाऱ्यांत पाणी गोठण्यास लागणारा वेळ मोजला, आणि वाऱ्याचें हें सामर्थ्य प्रथम अंकांत बसविलें. त्यांचा निबंध १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. हल्लींच्या सूत्राप्रमाणें हवा ५ अंशांवर असतां ताशी ६० किलोमीटरांच्या वाऱ्यांत उघड्या कातडीस शून्याखालीं सुमारें २ अंशांची थंडी भासते. अशा वेळीं शरीर मर्मस्थानांची ऊब राखण्यासाठीं हातापायांकडील रक्ताचा ओघ आंखडून घेतें, आणि बोटें बधिर होतात. पुढचा ब्रेक व क्लच यांची सारी भिस्त याच बोटांवर! ताशी ६० किलोमीटरांच्या गतीनें गाडी एका सेकंदांत सोळा-सतरा मीटर जाते. बोटें आवळण्यास अर्धा सेकंद उशीर झाला, तर आठ मीटर अंतर हातचें गेलें. म्हणून मूठ तापविण्याच्या युक्तीस केवळ चैन म्हणतां येत नाहीं.

या मुठींचें तत्त्व विजेच्या शेगडीचेंच आहे. तारेंतून वीज वाहतांना उष्णता निर्माण होते. तिचा नियम जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं मांडला. रबराच्या मुठींत अशी बारीक तार बसविलेली असते. उदाहरणार्थ, प्रत्येक मुठीस १८ वॉट धरले, तर १२ व्होल्टांच्या बॅटरीवरून दोहोंस मिळून ३ अँपिअर प्रवाह लागतो. येथेंच पहिला विचार करावयाचा. लहान मोटारसायकलींत ३-४ अँपिअर-तासांची बॅटरी असते. इंजिन बंद ठेवून मुठी तापवीत बसल्यास ती तासाभराच्या आंत-बाहेर आटेल. इंजिन मंद फिरत असतां त्यावरील वीजयंत्रही थोडीच वीज देतें. त्यांत एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींवर पुढें दिवा सतत जळत राहाणें सक्तीचें झालें आहे. तेव्हां आधीं गाडीस वीज किती शिल्लक उरते हें पाहावें, आणि मगच खरेदी करावी.

जोडणीचें काम दिसतें त्याहून नाजूक असतें. जुनी मूठ साबणाच्या पाण्यानें सैल करून ओढावी, किंवा चाकूनें उभी चिरून काढावी. उजव्या बाजूस मुठीखालीं फिरती प्लॅस्टिकची नळी असते. तिच्यावर उंच कंगोरे असल्यास ते कानशीनें घासून सपाट करावे. चिकटविण्यापूर्वीं मूठ नुसतीच चढवून पाहावी. कारण एकदां सोल्यूशन धरलें, कीं चूक दुरुस्त होत नाहीं. मूठ पूर्ण पिळली आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळविलें, तरी तार ताणली जाऊं नये अथवा ब्रेकच्या दांडीत अडकूं नये, इतकी ती सैल ठेवावी. उजवी मूठ सोडतांच आपोआप मागें फिरलीच पाहिजे. ती अडकली, तर इंजिनाचा वेग उतरणार नाहीं. आणि मग ऊबेसाठीं घेतलेली वस्तु जिवावर बेतेल.

विजेची जोडणी थेट दिव्याच्या तारेवर करूं नये; ती तार या जादा प्रवाहासाठीं योजलेली नसते. बॅटरीच्या धन टोकापासून निराळी तार घ्यावी, आणि बॅटरीच्या अगदीं जवळ ५ अँपिअरांचा, किंवा संचाबरोबर सांगितलेला, फ्यूज घालावा. म्हणजे तार कोठें घासून उघडी पडली, तरी आग लागण्यापूर्वीं फ्यूज उडेल. पुढें रिले बसवावा. लहान प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह सोडणारा हा चुंबकाचा स्विच होय. त्याचा इशारा किल्लीनें चालू-बंद होणाऱ्या तारेवरून घेतला, म्हणजे किल्ली काढतांच मुठीही थंड होतात, आणि विसराळू माणसाची बॅटरी सकाळीं मेलेली सांपडत नाहीं. शेवटीं इंजिन मध्यम वेगानें चालवून, दिवा व मुठी दोन्ही चालू ठेवून, बॅटरीवरील दाब मोजावा. तो १३ व्होल्टांखालीं घसरत राहिला, तर गाडीस हें ओझें झेपत नाहीं असें समजावें.

डावी मूठ उजवीपेक्षां कमी तापली, तर लगेच दुकानदारास दोष देऊं नये. उजवीखालीं प्लॅस्टिक असतें. डावी मात्र लोखंडी हँडलावर बसते आणि तें तिची ऊब शोषून घेतें. शिवाय मूठ तापविते ती तळहातास. वारा लागतो तो हाताच्या पाठीस. याकरितां वारा अडविणारे हातमोजे तरीही हवेतच, मात्र त्यांची तळहाताची बाजू पातळ असावी. इतकें साधलें, म्हणजे मनसरच्या फांट्यावर एकाएकीं गुरें आडवीं आलीं, तरी चालकाचीं बोटें वेळेवर त्याचें ऐकतील.