पोरांचा अर्ज बाजूला टाकू नका

मंडळी, डीपी जळाला की आपण आधी वायरमनला फोन लावतो. त्यानं काही झालं नाही की अर्ज. अन् अर्ज म्हटलं की तहसीलबाहेरच्या टंकलेखकाचं टेबल गाठायचं. ‘वरील विषयास अनुसरून’ करीत पानभर मजकूर होतो, पण किती मोटारी बंद, किती ऊस वाळतोय, हे त्यात कुठंच नसतं. तोंडी पटवून देणं आपल्याला जमतं, बैलबाजारात तर फारच जमतं! कागदावर ते येत नाही, कारण ते कुणी शिकवलंच नाही.

शिकवायचं कधी? तुम्ही म्हणाल, सातवी-आठवीत. पण तिसरीतलं पोर जत्रेला पैसे मागताना बघा. आईनं नाही म्हटलं की आजीकडं जातं, आणि आजीला सांगायचं कारण वेगळं असतं. कुणाला काय पटेल, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. शाळेनं ते फक्त वहीत उतरवून घ्यायचं.

समजा, शाळेच्या फाटकापुढं सांडपाणी साचतं. पहिल्या दिवशी वही नको, नुसतं बोलणं. पोरांचं वाक्य ठरलेलं: ‘घाण झालीय, साफ करा.’ गुरुजींनी एवढंच विचारायचं, ‘का?’ वास येतो. ‘आणखी?’ डास होतात. ‘आणखी?’ मग मागं बसलेली एखादी पोर हळूच म्हणते, ‘पहिलीची पोरं घसरून पडतात.’ झालं, सांगण्यासारखं कारण सापडलं. आता मोजायला लावा. पाणी किती पावलं पसरलंय? आठवड्यात कितीजण पडले? आकडा आला की मागणीला वजन येतं.

त्यापुढचा भाग अवघड. ‘ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले ग्रामसेवक हो!) म्हणतील, पैसे नाहीत. मग?’ एखादा म्हणेल, ‘निदान चार फरश्या तरी टाका.’ समोरच्याची अडचण ओळखून मागणं बदलणं अनेक मोठ्यांनाही सुचत नाही. मगच पत्र लिहायला बसवायचं. चार-पाच ओळी पुरेत. ऱ्हस्व-दीर्घ शेवटी बघावं. गुरुजींनी फळ्यावर पत्र लिहिलं आणि तीस पोरांनी उतरवून घेतलं, तर ते शुद्धलेखन झालं, विनंती नव्हे.

आता गावकारभाऱ्यांना दोन शब्द. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असतात, म्हणजे तुमच्यातलेच. ही पत्रं आधी तिथं वाचावीत, मग ग्रामसभेत. एखादं पत्र त्या पोरालाच वाचू द्या. मात्र पोरांच्या सह्या घेऊन आपला जुना हिशेब चुकता करू नये; गावात असं करणारे असतात, हे आपण जाणतो.

उत्तर ‘नाही’ असलं तरी चालेल. पण ते लेखी असावं, साध्या मराठीत असावं आणि कारण देऊन असावं. पत्र नुसतं फायलीत गेलं, तर लिहून काही होत नाही, हे ते पोर आठव्या वर्षीच शिकतं आणि पुढं तुमच्याआमच्यासारखं टंकलेखकाच्या टेबलापुढं उभं राहतं.

तेव्हा पत्र आलं की आवक रजिस्टरला नोंद करा, पोच द्या. अन् शिक्का जरा नीट उमटू द्या, पोरं आधी तोच बघतात.