दृष्टिबाधित बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप

जन्मापासून साधारणतः सहा वर्षांपर्यंतच्या अंध किंवा अल्पदृष्टी बालकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना दिल्या जाणाऱ्या वैद्यकीय, विकासविषयक व शैक्षणिक सेवांना एकत्रितपणे दृष्टिबाधित बालकांसाठीचा शीघ्र हस्तक्षेप असे म्हणतात. दृष्टिदोष लवकर ओळखणे, तो बरा होण्याजोगा असल्यास मुदतीत उपचार करणे, शिल्लक दृष्टीचा वापर शिकविणे आणि दृष्टीअभावी मागे पडू शकणाऱ्या हालचाली, भाषा व सामाजिक वर्तन यांना श्रवण, स्पर्श व गंध यांच्या आधारे चालना देणे, ही या सेवांची प्रमुख अंगे होत. मराठीत ‘हस्तक्षेप’ या शब्दाला ढवळाढवळीची छटा आहे. प्रस्तुत संदर्भात मात्र तो शासकीय परिभाषेतून रूढ झाला असून ‘वेळीच हात देणे’ एवढाच त्याचा आशय आहे.

व्याख्या

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी सर्वोत्तम चष्मा लावूनही ३/६० हून कमी असल्यास किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांहून कमी असल्यास ते अंधत्व समजले जाते. दृष्टी ६/१८ हून कमी परंतु ३/६० पर्यंत, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी परंतु १० अंशांपर्यंत असल्यास तिला अल्पदृष्टी म्हणतात. हे मोजमाप तक्त्यावरील अक्षरे वाचू शकणाऱ्या व्यक्तीला सहज लागू पडते. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र वेगळ्या युक्त्या वापराव्या लागतात. बाळासमोर एका बाजूला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे व दुसऱ्या बाजूला सपाट करड्या रंगाचे कार्ड धरले असता, दिसत असलेले बाळ पट्ट्यांकडे पाहणे पसंत करते. पट्ट्या उत्तरोत्तर बारीक करीत गेल्यास बाळाला किती बारीक तपशील दिसतो, याचा अंदाज बांधता येतो.

वेळेचे महत्त्व

दृष्टी ही केवळ डोळ्यांची क्रिया नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत डोळ्यांकडून येणाऱ्या संदेशांनुसार मेंदूतील जोडण्या घडत जातात. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल यांनी मांजराच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, या कोवळ्या काळात एक डोळा झाकून ठेवल्यास पुढे तो उघडूनही मेंदू त्याच्याकडून आलेल्या संदेशांचा नीट उपयोग करू शकत नाही. या व संबंधित संशोधनाबद्दल त्यांना इ.स. १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

जन्मजात मोतीबिंदूच्या उपचारात या शोधाचा थेट उपयोग होतो. प्रौढाचा मोतीबिंदू काही महिने थांबून काढला तरी सहसा बिघडत नाही. बालकाचा मोतीबिंदू दाट असेल तर मात्र शस्त्रक्रिया जन्मानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत व्हावी लागते. एकाच डोळ्यात दोष असल्यास घाई अधिक. शस्त्रक्रियेने काम संपते, ही सार्वत्रिक समजूत चुकीची आहे. डोळ्यातील नैसर्गिक भिंग काढल्यावर बाळाला जाड भिंगाचा चष्मा किंवा स्पर्शभिंग लावावे लागते, वाढीनुसार क्रमांक बदलावा लागतो आणि एक डोळा दुबळा असल्यास चांगल्या डोळ्यावर दिवसातील काही तास पट्टी बांधावी लागते. बाळ चष्मा ओढून फेकते, घरची माणसे कंटाळतात आणि उत्तम शस्त्रक्रियेचा लाभ निम्म्यावर येतो. चष्मा टिकवून धरण्यास कुटुंबाला साहाय्य करणे हेही त्यामुळे शीघ्र हस्तक्षेपाचेच काम ठरते.

मुदत उलटून गेली म्हणजे सर्व संपले, असेही नाही. पवन सिन्हा यांनी सुरू केलेल्या ‘प्रकाश’ प्रकल्पात उत्तर भारतातील जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर बऱ्याच उशिरा, काहींवर तर किशोरवयात, शस्त्रक्रिया झाल्या. पूर्वी केवळ स्पर्शाने ओळखलेली वस्तू दृष्टी येताच नुसती पाहून ओळखता येईल का, हा प्रश्न विल्यम मॉलिन्यू याने सतराव्या शतकात जॉन लॉक या तत्त्वज्ञापुढे ठेवला होता. या मुलांच्या अभ्यासातून त्याचे उत्तर इ.स. २०११ मध्ये मिळाले : लगेच ओळखता येत नाही, पण थोड्याच दिवसांत ते कौशल्य येऊ लागते. या मुलांच्या दृष्टीची तीक्ष्णता मात्र मर्यादितच राहिली.

दृष्टीवाचून होणारा विकास

ज्या बालकांची दृष्टी उपचाराने परत येणार नसते, त्यांच्यासाठी शीघ्र हस्तक्षेपाचा गाभा या भागात आहे. डोळस बाळाला बरेचसे शिक्षण कोणी न शिकविता मिळते. समोरचा खुळखुळा दिसतो म्हणून ते हात पुढे करते, हात पुरत नाही म्हणून सरकते, आणि आईने पाहिलेल्या वस्तूकडे पाहत तिचे नाव शिकते. अंध बाळापुढे हे आमंत्रणच नसते.

अमेरिकेतील मानसतज्ज्ञ सेल्मा फ्रायबर्ग यांनी जन्मांध बालकांच्या एका लहान गटाचे त्यांच्या घरी जाऊन दीर्घकाळ निरीक्षण केले. त्यांचा ग्रंथ इ.स. १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना असे आढळले की, बसणे व आधाराने उभे राहणे या गोष्टी या बालकांना डोळस बालकांच्या आसपासच्या वयात जमतात. रांगणे व चालणे मात्र लांबते. याचे कारण स्नायूंत नव्हते. डोळस बाळ पाचव्या महिन्याच्या सुमारास दिसणाऱ्या वस्तूकडे हात नेते. नुसत्या आवाजाच्या रोखाने हात नेणे हे त्याहून पुष्कळ अवघड आहे, कारण जो आवाज ऐकू येतो तो हातात धरता येणाऱ्या एखाद्या वस्तूचा आहे, हे आधी कळावे लागते. फ्रायबर्ग यांच्या निरीक्षणात ही समज पहिल्या वर्षाच्या अखेरीस आली, आणि ती आल्यावरच मुले रांगू लागली.

त्यांचे दुसरे निरीक्षण आईबाळाच्या नात्याविषयीचे आहे. आईचा आवाज ऐकताच डोळस बाळ हातपाय नाचविते. अंध बाळ बहुधा स्तब्ध होते. आईला वाटते, बाळाला आपली ओळखच नाही. वस्तुतः ते स्तब्ध होऊन कान देत असते. अशा वेळी बाळाच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या हातांकडे पाहण्यास पालकांना शिकविले की, त्याची ओळख, कुतूहल व ओढ त्या बोटांच्या हालचालींत दिसू लागते. एवढ्या साध्या मार्गदर्शनाने दुरावलेली आई पुन्हा बाळाशी बोलू लागते. शीघ्र हस्तक्षेपाच्या पहिल्याच भेटीत व्हायला हवे असे हे काम आहे, कारण जिच्याशी कोणी बोलत नाही अशा अंध बालकाला जगाशी दुसरा दुवाच उरत नाही.

भाषेच्या बाबतीतही काही विशेष आढळतात. अंध बालक ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी उच्चारते आणि ‘मी’ व ‘तू’ यांची अदलाबदल दीर्घकाळ करते. पाणी हवे असता ‘तुला पाणी पाहिजे?’ असे ते स्वतःविषयीच म्हणते. कित्येकदा शब्दभांडार मोठे असते, पण शब्दांमागे अनुभव नसतो. ज्या मुलाने पोळी फक्त ताटात आलेली जाणली आहे, त्याला ‘पोळी’ हा शब्द येतो. पण ती पिठापासून होते, हे त्याला कोणी कणकेत हात घालू दिल्याशिवाय कळत नाही. डोळे बोटाने दाबणे, मागेपुढे झुलणे या सवयीही काही बालकांत दिसतात. रागावण्याऐवजी हातांना दुसरे काम देणे, हा त्यावरील अधिक उपयोगी उपाय समजला जातो.

कारणे व तपासणी

बालपणीच्या अंधत्वाची कारणे देशकालानुसार बदलतात. गरोदरपणी आईला झालेला रुबेला व बाळाचा जन्मजात मोतीबिंदू यांतील संबंध ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी इ.स. १९४१ मध्ये दाखवून दिला. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारे अंधत्व टाळण्यासाठी नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत या जीवनसत्त्वाच्या मात्रा पाजल्या जातात.

नवजात शिशू अतिदक्षता विभाग वाढल्यानंतर अपुऱ्या दिवसांच्या बालकांतील दृष्टिपटलाचा विकार हे महत्त्वाचे कारण पुढे आले. दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांची वाढ गर्भावस्थेच्या अखेरीस पूर्ण होते. बाळ आधीच जन्मल्यास ती वाढ अनियमित होते, आणि नियंत्रणाविना दिलेल्या प्राणवायूने धोका वाढतो. बाहेरून डोळे निर्दोष दिसतात, हे या विकाराचे सर्वांत घातक वैशिष्ट्य होय. अमेरिकेत प्रामुख्याने ३० आठवड्यांपर्यंत जन्मलेल्या किंवा १५०० ग्रॅमपर्यंत वजनाच्या बालकांची तपासणी होते. भारतात त्याहून मोठ्या बालकांनाही हा विकार होताना आढळल्यामुळे ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या प्रत्येक बालकाचे डोळे जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासावेत, आणि फारच लहान बालकांचे दोन ते तीन आठवड्यांतच तपासावेत, असा दंडक आहे. उपचाराची गरज आढळल्यास लेझर किंवा डोळ्यातील इंजेक्शन दोनतीन दिवसांत द्यावे लागते. बाळाला घरी सोडताना पुढील तपासणीची तारीख आईवडिलांना नीट समजावून सांगितली गेली की नाही, यावर कित्येकदा त्याची आयुष्यभराची दृष्टी अवलंबून असते.

जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडल्याने किंवा नंतर रक्तातील साखर फार उतरल्याने मेंदूतील दृष्टिकेंद्रांना इजा होऊ शकते. अशा बालकाचे डोळे तपासणीत चांगले आढळतात, तरी ते पाहत नाही. त्याला गर्दीतील वस्तू दिसत नाही, पण साध्या पार्श्वभूमीवरील, हलणारी, एकाच ठळक रंगाची वस्तू दिसू शकते. तीही थोड्या विलंबाने. योग्य उत्तेजनाने ही दृष्टी सुधारण्याची शक्यता असल्याने तिची ओळख पटणे आवश्यक ठरते.

दोनतीन महिन्यांनंतरही बाळ नजरेला नजर न देणे, डोळे सतत भिरभिरणे, बाहुलीत पांढरी झाक दिसणे, डोळे सारखे चोळणे किंवा दाबणे ही घरच्या माणसांच्याही लक्षात येणारी लक्षणे होत. पांढरी झाक डोळ्यातील कर्करोगाचेही लक्षण असू शकते. म्हणून तिच्याबाबत ‘मोठा झाल्यावर पाहू’ ही भूमिका धोक्याची आहे.

सेवेचे स्वरूप

प्रशिक्षित शिक्षक किंवा चिकित्सक आठवड्यातून एखाद्या तासासाठी बाळाला भेटतो. उरलेला सर्व वेळ बाळ घरीच असते. म्हणून प्रत्यक्ष शिकविणारी व्यक्ती आई, वडील किंवा आजी हीच असते आणि तज्ज्ञाचे काम त्यांना शिकविण्याचे. अमेरिकेत इ.स. १९८६ च्या कायद्याने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या दिव्यांग बालकांसाठी केवळ बालकाची नव्हे, तर कुटुंबाची सेवायोजना आखण्याची पद्धत आणली, ती याच विचाराने.

वेगळ्या महागड्या साधनांची गरज थोडी असते. बाळाला उचलण्यापूर्वी नावाने हाक मारणे, आंघोळीआधी त्याचा हात पाण्यात बुडविणे, वस्तू नेहमीच्या जागी ठेवणे, पैंजण किंवा घुंगरू वाजवून दिशा दाखविणे, यांतून दिवसाचा क्रम बाळाला कळू लागतो. नवी वस्तू दाखविताना त्याचा हात धरून तिच्यावर दाबू नये. आपला हात त्याच्या हाताखाली ठेवून वस्तूकडे न्यावा, म्हणजे नको वाटल्यास बाळाला हात काढून घेता येतो. डेन्मार्कमधील लिली नील्सन यांनी बनविलेली ‘छोटी खोली’ ही एक बिनतळाची पेटी असते. तिच्या छतापासून व बाजूंपासून चमचे, साखळ्या, कुंचले अशा वस्तू टांगतात. आत निजलेल्या बाळाचा हात लागला की तीच वस्तू तिथेच पुन्हा सापडते, आणि वस्तू हातातून सुटली तरी नाहीशी होत नाही, हे ते स्वतःच्या बळावर शिकते.

अल्पदृष्टी बालकासाठी रंगभेद ठळक करणे हा मुख्य उपाय होय. पांढरा भात पांढऱ्या ताटलीत दिसत नाही, तो गडद ताटलीत दिसतो. पायरीच्या कडेला पिवळा पट्टा रंगविला तर ती ओलांडता येते. अंध बालकाची ब्रेलपूर्व तयारी धान्य निवडणे, मणी ओवणे, निरनिराळ्या पोतांची कापडे ओळखणे अशा खेळांतून होते. भारतीय भाषांसाठी इ.स. १९५१ मध्ये स्वीकारलेली भारती ब्रेल मराठीलाही लागू असून तिचे सहा ठिपके वाचण्याइतकी बोटे संवेदनक्षम होणे हे या खेळांचे दूरचे उद्दिष्ट असते.

भारतातील व्यवस्था

भारतात अंधांच्या शिक्षणाचा प्रारंभ शाळांपासून झाला. पहिली शाळा इ.स. १८८७ मध्ये अमृतसर येथे निघाली, मुंबईत इ.स. १९०० मध्ये आजची कमला मेहता दादर अंधशाळा व इ.स. १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली. या संस्थांनी मोठे कार्य केले, परंतु मूल त्यांच्या दारी येईपर्यंत त्याची पहिली काही वर्षे सरलेली असत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. त्यात नवजात बालकांची पाहणी प्रसूतिस्थळी व घरभेटीत आशा कार्यकर्तीकडून होते आणि फिरती वैद्यकीय पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातात. जन्मजात मोतीबिंदू, अपुऱ्या दिवसांच्या बालकांचा दृष्टिपटल विकार व दृष्टिदोष यांचा निवडक आजारांत समावेश असून संशयित बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. कर्नाटकात प्रशिक्षित तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी बाळाच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे घेतात व बंगळूरमधील तज्ज्ञ ती दुरून तपासतात. जून २०२१ मध्ये केंद्र शासनाने मुंबई व देहरादूनसह देशात १४ ठिकाणी सर्व प्रकारच्या दिव्यांग बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू केली.

कायद्याच्या दृष्टीने मात्र ही वर्षे काहीशी अधांतरी आहेत. २०१६ च्या अधिनियमात बालकांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याची तरतूद आहे. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या मोफत शिक्षणाचा हक्क मात्र सहाव्या वर्षापासून सुरू होतो. त्यापूर्वीच्या संगोपन-शिक्षणाचा उल्लेख संविधानाच्या ४५व्या अनुच्छेदात, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत आहे. व्यवहारात नेत्रचिकित्सा व विकाससेवा यांतील दुवाही कच्चा राहतो. ‘डोळ्यावर उपाय नाही’ हे निदान ऐकून कुटुंब घरी परतते आणि डोळ्यावर उपाय नसला तरी बालकासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे, हे सांगणारे कोणी त्या रुग्णालयात नसते.

दुर्गम तालुक्यातील कुटुंबाला सर्वांत जवळची संस्था म्हणजे अंगणवाडी. दिव्यांग बालकांना तिच्यात सामावून घेण्यासाठी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. तीत लक्षणांची पाहणी, पालकांना मार्गदर्शन, आशा व वैद्यकीय पथकामार्फत पुढे पाठवणी आणि अन्य मुलांसोबतचे पूर्वप्राथमिक शिक्षण यांचा अंतर्भाव आहे.